जिम्नॅस्टिक्सची सार्वजनिक केंद्रे कुणी उभारली? वर्गणीवर चाललेल्या सभागृहांचा इतिहास

धागालेखन : निळी_शाई

जिम्नॅस्टिक्सचा इतिहास बहुधा पदकांच्या अंगाने सांगितला जातो. कुणी कोणत्या वर्षी किती गुण मिळवले आणि कोणत्या देशाने कुणाला मागे टाकले, एवढ्यावर तो संपतो. ज्या सभागृहांत हा व्यायामप्रकार वाढला, त्यांची जागा कुणी मिळवली, छप्पर कुणी घातले, बार (कसरतीची दांडी) मोडला की तो कुणाच्या पैशाने बदलला जाई आणि या सगळ्याचा निर्णय कोण घेत असे, याची चर्चा या धाग्यावर व्हावी असे मला वाटते. माझे मत आधीच मांडतो. सार्वजनिक जिम्नॅस्टिक्स केंद्र ही सभासदांनी घडवलेली संस्था आहे आणि दोनशे वर्षांत तिच्यावर आलेल्या संकटांतून ती तरली, ती वर्गणी, निवडून दिलेली कार्यकारिणी आणि स्वतःच्या मालकीची इमारत यांच्या बळावर.

आधुनिक जिम्नॅस्टिक्सची सुरुवात शाळेत झाली. जर्मनीतल्या श्नेप्फेनथाल येथील निवासी शाळेत गुट्समुथ्स हे शिक्षक धावणे, उड्या, चढणे, तोल सांभाळणे यांचा पद्धतशीर अभ्यासक्रम शिकवत असत आणि १७९३ मध्ये त्यांनी तरुणांच्या व्यायामावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ही शाळा मात्र मोजक्या मुलांची होती. हा व्यायाम कुणालाही येता येईल अशा मोकळ्या जागेवर आणण्याचे श्रेय फ्रीडरिश लुडविग यान यांना दिले जाते. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला होता आणि त्या पराभवाची सल घेऊन वावरणाऱ्या यान यांनी १८११ च्या जून महिन्यात बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे या माळावर उघड्या आकाशाखाली व्यायामाचे मैदान सुरू केले. तिथे चढण्याचे खांब होते, दोर होते, तोल सांभाळून चालण्याचे ओंडके होते आणि आडवे व समांतर बारही होते. सगळ्यांनी कोऱ्या तागाचे करडे कपडे घालायचे आणि एकमेकांना एकेरीत हाक मारायची असा दंडक होता. त्यामुळे सावकाराचा मुलगा कोण आणि सुताराचा कोण, हे मैदानावर पोशाखावरून ओळखू येत नसे. ज्या समाजात संबोधनावरूनच माणसाची पायरी ठरत होती, तिथे हा दंडक बारवरच्या कसरतीपेक्षा अधिक धाडसी होता असे मी मानतो.

सत्ताधाऱ्यांनाही ते कळले. १८१९ मध्ये नाटककार कोट्झेबू यांची हत्या झाली. मारेकरी कार्ल झांट हा विद्यार्थी या व्यायाम चळवळीशी संबंधित होता. त्यानंतर कार्ल्सबाडचे दडपशाहीचे ठराव आले, यान यांना अटक झाली आणि प्रशियात सार्वजनिक व्यायाम मैदानांवर १८२० मध्ये जी बंदी आली, ती १८४२ पर्यंत उठली नाही. या बावीस वर्षांमुळे चळवळ मोडायला हवी होती. पण बंदी उठताच गावोगावी मंडळे निघाली, आणि ती यान यांच्या मैदानापेक्षा निराळी होती. त्यांना लिखित घटना होती, ठरावीक वर्गणी होती, सभासद मतदानाने पदाधिकारी निवडत आणि सभेचे इतिवृत्त लिहिले जाई. ज्या देशात सामान्य माणसाला मताचा अधिकार जवळजवळ नव्हता, तिथे व्यायाम मंडळाच्या वार्षिक सभेत तो हात वर करून मत देत होता. १८४८ च्या क्रांतीत या मंडळांतले अनेक तरुण उतरले. क्रांती फसल्यावर परागंदा झालेल्यांनी हीच मंडळाची रचना अमेरिकेत नेली. क्रांतीतले एक नेते फ्रीडरिश हेकर सिनसिनाटीला पोहोचल्यानंतर १८४८ च्या अखेरीस तिथे निघालेले मंडळ हे त्या परंपरेतले अगदी सुरुवातीचे मंडळ होय.

प्राग, लंडन, मिलवॉकी इथल्या सभागृहांविषयी जाणकारांनी भर घालावी.


प्रतिसाद : शोधयात्री

उत्तम विषय. लंडनच्या सभागृहाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मुद्द्याला तो चांगला आधार आहे.

लंडनमध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांनी १८६१ मध्ये आपली जिम्नॅस्टिक्स संस्था काढली आणि अवघ्या तीन-चार वर्षांत, १८६४-६५ मध्ये, किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ तिची स्वतंत्र इमारत उभी राहिली. वास्तुविशारद होते एडवर्ड ग्रुनिंग. सुमारे सहा हजार पौंडांचा खर्च जर्मन समाजाने उचलला. या इमारतीचे छप्पर पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक जोडून बनवलेल्या प्रचंड कमानी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात, त्यामुळे मधल्या जागेत एकही खांब नाही. ज्या सभागृहात माणसे दोरावरून झोके घेणार आणि धावत येऊन उड्या मारणार, तिथे मधला खांब हीच सर्वांत मोठी अडचण असते, आणि ती या छपराने पूर्ण काढून टाकली. दोर ज्यांत अडकवत, ते लोखंडी आकडे आजही त्या कमानींना लटकलेले आहेत.

तिथला व्यायाम केवळ जर्मन राहिला नव्हता. भारतातून इंग्लंडमध्ये पोहोचलेले मुद्गल फिरवण्याचे वर्ग तिथे चालत, तलवारीचा सरावही होई आणि स्त्रियांसाठी वर्ग होते. १८६६ मध्ये ब्रिटनमधल्या राष्ट्रीय ऑलिंपियन संघटनेच्या पहिल्या स्पर्धांतले बंदिस्त जागेतले खेळ याच सभागृहात झाले. हे अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकच्या आधी तीस वर्षे! पहिल्या महायुद्धात मात्र जर्मन नावाची संस्था लंडनमध्ये टिकणे शक्य नव्हते. ती मोडली आणि वास्तू रेल्वे कंपनीकडे गेली. आज तिथे उपाहारगृह चालते. म्हणजे इमारत टिकली, पण संस्था टिकली नाही. तुमच्या मांडणीत इमारतीला जे स्थान दिले आहे, त्याबद्दल या उदाहरणावरून पुन्हा विचार व्हावा. सभासदच हद्दपार किंवा नजरकैदेत असतील, तर भक्कम छप्पर असूनही केंद्र उरत नाही.


प्रतिसाद : तिसरा_प्रहर

धागा आवडला, परंतु मूळ लेखात एक बाजू फार उजळ रंगवली आहे असे नम्रपणे सुचवतो. यान यांच्या मैदानावर कपडे सारखे होते हे खरे, पण त्यांचा राष्ट्रवाद कडवा होता आणि त्यात ज्यूंविषयीचा द्वेष होता, हेही तितकेच खरे आहे. सभासदांच्या हाती सत्ता असली की संस्था उदार होते असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ऑस्ट्रियातल्या अनेक जिम्नॅस्टिक्स मंडळांनी ज्यू सभासदांना वगळण्याचे नियम केले, आणि ते नियम वरून कुणी लादले नव्हते. रीतसर सभा घेऊन, ठराव मांडून, बहुमताने ते मंजूर झाले होते. मतदानाचा जो हात तुम्ही गौरवाने उल्लेखिला आहे, तोच हात शेजाऱ्याला दाराबाहेर काढण्यासाठीही वर झाला.

कामगारांचीही स्थिती वेगळी नव्हती. मोठ्या राष्ट्रीय संघटनेत आपल्याला स्थान नाही असे दिसल्यावर जर्मनीतल्या कामगारांनी १८९३ मध्ये गेरा येथे स्वतःचा जिम्नॅस्टिक्स महासंघ काढला. स्त्रियांना तर कित्येक मंडळांत फक्त प्रेक्षकांच्या सज्जात जागा होती.


प्रतिसाद : निळी_शाई

तिसरा_प्रहर, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो या इतिहासाच्या मध्यभागी ठेवायला हवा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांना बाहेर काढले गेले, त्यांनी व्यायाम सोडला नाही आणि कुणा धनिकाच्या दारीही ते गेले नाहीत. त्यांनी तीच रचना घेऊन आपले मंडळ काढले. बर्लिनमध्ये १८९८ साली ज्यू तरुणांनी बार कोखबा हे जिम्नॅस्टिक्स मंडळ स्थापन केले, त्यालाही घटना होती, वर्गणी होती, निवडलेली समिती होती. कामगारांचा महासंघ तसाच होता आणि १९३३ मध्ये नाझींनी तो मोडून काढेपर्यंत तो चालला. प्रागमध्ये १८६९ पासून स्त्रियांचे वेगळे जिम्नॅस्टिक्स मंडळ होते. संस्था चालवण्याची ही रीत कुणा एका गटाच्या मालकीची राहिली नाही, हे मला तिचे मोठे बळ वाटते.

ॲमस्टरडॅमचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स प्रथमच आले आणि सुवर्णपदक यजमान डच संघाने जिंकले. त्या संघात पाच ज्यू खेळाडू होत्या. त्यांपैकी एस्टेला आख्स्टेरिबे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक आणि युडिक्ये सिमोन्स या चौघींना १९४३ मध्ये नाझी छावण्यांत ठार मारण्यात आले. त्यांचे प्रशिक्षक गेरिट क्लेरेकोपर यांचाही त्याच वर्षी सोबिबोर येथे अंत झाला. एल्का दे लेव्ही तेवढ्या वाचल्या. शहरातल्या साध्या मंडळांतून घडलेल्या या स्त्रिया होत्या. कोणत्याही केंद्राचा इतिहास लिहिताना सभासदांच्या यादीतली नावे कोणत्या वर्षी नाहीशी होतात हे पाहावे, असे मी का म्हणतो ते यावरून लक्षात येईल.


प्रतिसाद : जुनी_वही

सभासद आणि समित्या यांवर पुष्कळ झाले, आता साधनांवर लिहू द्या. साधने बदलली तशी केंद्रेही बदलली, आणि एकदा तर एका साधनावरून सरकार, डॉक्टर आणि शिक्षक यांच्यात वर्षानुवर्षे वाद पेटला होता.

स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला राजाश्रयाने मध्यवर्ती व्यायाम संस्था काढली. त्यांची पद्धत शरीररचनाशास्त्रावर आधारलेली होती. सावकाश, आज्ञेनुसार, सर्वांनी एकाच वेळी करायच्या हालचाली हा तिचा गाभा होता. भिंतीला लावलेली आडव्या दांड्यांची शिडी, लांब बाक आणि उडीची पेटी ही तिची साधने आजही शाळाशाळांतून दिसतात. बर्लिनच्या शासकीय व्यायाम संस्थेचे प्रमुख हुगो रोथस्टाइन हे लिंग यांच्या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांनी समांतर बार आरोग्याला घातक ठरवून आपल्या संस्थेतून हद्दपार केले. खांद्यावर सारा भार येतो, छाती आवळली जाते, असा त्यांचा दावा होता. १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या वादात एमिल दु ब्वा-रेमाँ आणि रुडॉल्फ फिर्शो यांच्यासारखे नामवंत वैज्ञानिक बारच्या बाजूने उतरले. अखेर बार परत आले आणि रोथस्टाइन यांना पद सोडावे लागले.

ज्यांनी जुन्या लाकडी समांतर बारवर हात टेकले आहेत, त्यांना या वादाची धार चांगली कळेल. दांडी पूर्ण गोल नसते, अंडाकृती असते, म्हणजे तळहात वर टेकतो आणि बोटे खाली वळून पकड घेतात. झोका घेताना ती किंचित लवते आणि परत वर येते, आणि शिकणाऱ्याला आपला झोका त्या लवण्याच्या तालाशी जुळवावा लागतो. जिथे पिढ्यानपिढ्या हात पडले तिथे लाकूड गुळगुळीत आणि काळपट होते, टोकांकडे मात्र मूळचा रंग राहतो. लिंग यांच्या आज्ञेबरहुकूम चालणाऱ्या कवायतीत प्रत्येकाने समोर पाहून तेच करायचे असते, तर बारवर एका वेळी एकच जण चढतो आणि बाकीचे त्याला आधार देण्यासाठी दोन्ही बाजूंना उभे राहतात. मंडळातल्या लोकांनी बारसाठी एवढा हट्ट धरला, त्याचे कारण मला या आधार देण्यात दिसते. ज्याच्या हातावर विश्वास ठेवून आपण उलटे होतो, त्याच्याशी नाते वेगळे असते.


प्रतिसाद : शोधयात्री

जुनी_वही, अप्रतिम माहिती. जमिनीबद्दलही लिहायला हवे. वाळू आणि सालीचा भुसा यांपासून सुरुवात होऊन काथ्याच्या गाद्या आल्या, त्यानंतर फोमच्या गाद्या आणि स्प्रिंगवर बसवलेली फरशी आली. फोमच्या तुकड्यांनी भरलेले खड्डे तर फार अलीकडचे, गेल्या पन्नास-साठ वर्षांतले. आज ज्या कसरती किशोरवयीन मुले सरावात सहज करतात, त्या कडक जमिनीवर कुणी शिकूच शकला नसता.


प्रतिसाद : पायवाट

सोकोल या चेक व्यायाम संस्थेविषयी अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मते या धाग्याचा खरा नायक तोच आहे.

१६ फेब्रुवारी १८६२ रोजी प्रागमध्ये मिरोस्लाव्ह तिर्श आणि यिंड्रिख फ्यूगनर यांनी ही संस्था काढली. तिर्श कलेचे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, फ्यूगनर विमा व्यवसायात होते. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात चेक भाषेला दुय्यम स्थान होते आणि चेक लोकांना राजकीय संघटना उघडपणे काढणे अवघड होते, परंतु व्यायाम मंडळाला परवानगी मिळू शकत होती. सभासद एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणत. फ्यूगनर यांनी पदरचे पैसे घालून प्रागमधले सभागृह उभे केले आणि १८६५ मध्ये, संस्था जेमतेम तीन वर्षांची असताना, ते वारले. निळी_शाई, वर्गणीचे महत्त्व मान्य आहे, परंतु प्रागच्या बाबतीत पहिले छप्पर एका माणसाच्या तिजोरीतून आले हे नोंदवायला हवे. गावोगावची सभागृहे मात्र पुढे सभासदांनीच उभारली.

या गावांतल्या सभागृहांत संध्याकाळी व्यायाम होई, आणि त्याच जागेत नाटके, वाचनालय आणि बाहुल्यांचे खेळही चालत. गावात दुसरे मोठे छप्पर नसले की लग्नापासून शोकसभेपर्यंत सगळे तिथेच. अनेक ठिकाणी एका टोकाला रंगमंच आणि मधल्या जागेत हलवता येतील अशी साधने, अशी रचना दिसते. १८८२ मध्ये संस्थेच्या वीस वर्षांनिमित्त प्रागमध्ये पहिला महामेळावा भरला. १९०१ च्या मेळाव्यात स्त्रियाही मैदानात उतरल्या आणि १९२६ पासून स्ट्राहोव्हच्या प्रचंड मैदानावर हजारो लोक एका वेळी व्यायाम करू लागले.

या संस्थेवर तीनदा घाव पडला. १९१५ मध्ये ऑस्ट्रियन सरकारने ती विसर्जित केली. नाझी अधिकारी हायड्रिख प्रागमध्ये आल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये तिच्यावर पुन्हा बंदी आली आणि पदाधिकाऱ्यांना घराघरांतून पकडून नेण्यात आले. त्यांतले पुष्कळ जण छावण्यांतून परतले नाहीत. तिसरा घाव कम्युनिस्टांचा. १९४८ च्या मेळाव्यात संचलन करणाऱ्यांनी नव्या राज्यकर्त्यांच्या मंचासमोरून जाताना माना फिरवल्या आणि नुकताच राजीनामा दिलेले राष्ट्राध्यक्ष बेनेश यांचा जयजयकार केला. त्यानंतर संस्था सरकारी क्रीडा संघटनेत विरघळवण्यात आली आणि १९५५ पासून त्याच स्ट्राहोव्हवर सरकारी सोहळे होऊ लागले. तरीही जानेवारी १९९० मध्ये, राजवट कोसळल्यावर दोन महिन्यांच्या आत, संस्था पुन्हा उभी राहिली. चाळीस वर्षांनंतर सत्तर-ऐंशीच्या घरातली माणसे परत आली आणि त्यांनी आपल्या सभागृहांवर हक्क सांगितला.

लंडनच्या उदाहरणावरून शोधयात्री यांनी जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे उत्तर मला इथे सापडते. चेक गावांत सभासद आपल्याच गावात राहिले, इमारत डोळ्यांसमोर राहिली आणि ती कुणी बांधली हे घरात सांगितले गेले. लंडनमध्ये माणसेच पांगली.


प्रतिसाद : तिसरा_प्रहर

पायवाट, तुमच्या प्रतिसादाने धाग्याची उंची वाढली. मी आजच्या काळाकडे वळतो, कारण सभासदांची सत्ता कशी कमी झाली हाही इतिहासच आहे.

१८८१ मध्ये लीज येथे बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स या देशांनी मिळून युरोपीय जिम्नॅस्टिक्स महासंघ काढला, तोच पुढे आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. त्याचे पहिले अध्यक्ष निकोलास क्यूपेरस यांना सामुदायिक प्रात्यक्षिके प्रिय होती आणि स्पर्धा नकोशा होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०३ मध्ये, अँटवर्पला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. त्यानंतर स्पर्धेचे वजन वाढतच गेले. १९७२ मध्ये ओल्गा कॉर्बुट आणि १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला नादिया कोमानेची यांना दूरचित्रवाणीवर पाहून पाश्चात्त्य देशांतल्या केंद्रांकडे लहान मुलींची रीघ लागली. पूर्वी संध्याकाळी कामावरून येणारे प्रौढ हे केंद्राचे मुख्य सभासद असत. आता सभासद झाली मुले, पैसे भरणारे पालक आणि निर्णय घेणारे प्रशिक्षक. वार्षिक सभेत मत देणारा आणि बारवर चढणारा हे एकच माणूस राहिले नाहीत.

याचे परिणाम गंभीर झाले. ब्रिटनमधल्या तक्रारींची चौकशी करणारा व्हाइट अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक व मानसिक छळाच्या, वजनावरून केलेल्या अपमानाच्या आणि दुखापत असतानाही सराव करायला लावल्याच्या शेकडो निवेदनांचा विचार आहे. पालकांना सराव पाहू न देणे ही बाबही त्यात पुढे आली. जुन्या सभागृहांत प्रेक्षकांसाठी सज्जा बांधलेला असे आणि तिथे कुणीही बसू शके. तो सज्जा बंद झाल्यावर काय घडू शकते, हे आता कागदोपत्री नोंदले गेले आहे.


प्रतिसाद : पायवाट

अगदी मोलाचा मुद्दा. कुणाला आपल्या माहितीतल्या केंद्राचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?


प्रतिसाद : निळी_शाई

पायवाट, स्मरणिका आणि पारितोषिकांच्या याद्या शेवटी वाचाव्यात, कारण त्या कौतुकासाठीच लिहिलेल्या असतात. आधी इतिवृत्ताच्या वह्या पाहाव्यात आणि त्यांतही भाडे, दुरुस्ती, अपघात आणि राजीनामे यांवरच्या चर्चा. कोणत्या वर्षी वर्गणी वाढवण्याला विरोध झाला आणि कुणाला ती माफ झाली, यावरून सभासद कोणत्या थरातले होते ते कळते. त्यानंतर साधनांची नोंदवही घ्यावी. स्त्रियांचा वर्ग कधी सुरू झाला हे भाषणांत उशिरा येते, पण स्त्रियांच्या कसरतींसाठी लागणारे असमान उंचीचे बार किंवा तोल सांभाळण्याचा बीम खरेदी केल्याची नोंद त्याआधीच सापडते. छायाचित्रांत पुढे उभ्या असलेल्या विजेत्यांपेक्षा मागे गादी धरून उभे असलेल्यांची नावे विचारून घ्यावीत, आणि ती सांगू शकणारी माणसे वयस्कर असल्याने हे काम सर्वांत आधी उरकावे.

नावात झालेले बदलही तारखेसह नोंदवावेत. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जर्मन जिम्नॅस्टांनी १८९० च्या दशकात बांधलेल्या भव्य वास्तूचे नाव जर्मन भाषेत होते. १९१८ मध्ये, जर्मनीविरुद्धच्या युद्धज्वरात, ते बदलून अथेनियम केले गेले. तिथे जिम्नॅस्टिक्सचे शिक्षक तयार करणारे महाविद्यालय चालत असे, आणि ते १९४१ मध्ये इंडियाना विद्यापीठात सामील झाले. त्याच चळवळीने सार्वजनिक शाळांना व्यायामाचा तास सुरू करायला लावला होता, आणि तो सुरू झाल्यावर संध्याकाळच्या वर्गांची गरज कमी भासू लागली. मिलवॉकीचे १८८२-८३ मधले सभागृह अजून उभे आहे. त्याविषयी कुणाकडे तपशील असतील तर इथे जरूर द्यावेत, विशेषतः नृत्यदालनाच्या भाड्यातून व्यायामाचा खर्च कसा भागवला जाई, यावर मला वाचायला आवडेल.